कुंडींतील झाडाचें खोड

वसईच्या वाड्यांची कीर्ति मुंबईकरांस नव्यानें सांगावयास नको. तेथील मोगरा आणि चाफा आजहि दादरच्या फुलबाजारांत जातो. परंतु २००९ सालीं वसई-विरार महानगरपालिका स्थापन झाली, त्याच्या पुष्कळ आधींपासून वाड्यांच्या जागीं इमारती उभ्या राहूं लागल्या होत्या. आणि वाडीची हौस आतां कित्येक घरांत सज्ज्यांतील दहा-बारा कुंड्यांवर भागवावी लागते. तेथें तक्रार एकच ऐकूं येते : झाड उंच होतें, पण उभें राहत नाहीं. तुळस कठड्याबाहेर मान काढते, मिरचीचें रोप पहिल्याच सरींत आडवें होतें.

या दुबळेपणाचें कारण, आमच्या मतें, उपासमारींत नसून बहुधा लाडांत आहे.

एकत्र कुटुंबांत तर पाण्याचे लाड विशेष. सकाळीं आजी तुळशीला पाणी घालतात, मग सूनबाई घालतात, आणि शाळेंतून आलेला नातूहि तांब्याभर ओततो. अंगणांतील वृंदावनाखालीं भूमि होती, ती जास्तीचें पाणी शोषून घेई. कुंडीला मात्र तळ आहे. तेथें पाणी साचलें कीं मुळांस हवा मिळत नाहीं व तीं कुजतात. पूजेचें पाणी पळीभर पुरे. बाकीचें, वरची दोन बोटें माती सुकल्यावर, घरांतील एकाच माणसानें घालावें. पेंडहि बेतानेंच द्यावी. तिच्यांतील नत्रानें पाला माजतो, खोड कोंवळें राहतें आणि त्यावर मावा पडतो. कुंडींत समुद्रकांठची वाळू घालण्याचा मोह मात्र वसईकरांनीं कटाक्षानें टाळावा, कारण तिच्यांत मीठ असतें.

उजेड कमी पडला म्हणजे रोप त्याच्या शोधांत लांबतें व बारीक होतें. गवताच्या अंकुराचा शेंडाच प्रकाशाची दिशा ओळखतो, हें चार्लस डार्विन व त्याचा पुत्र फ्रॅन्सिस यांनीं १८८० मध्यें दाखविलें. म्हणून कुंडी उन्हांत ठेवून दररोज थोडी फिरवावी.

वाऱ्याची गोष्ट याहून मौजेची आहे. खोडाला रोज हलकेंच चोळलें तर अनेक जातींचीं रोपें उंचीनें कमी वाढतात, असें जॅफ या अमेरिकन शास्त्रज्ञानें १९७३ मध्यें प्रसिद्ध केलें. वाऱ्यानें डोलणारीं झाडेंहि अशींच ठेंगणीं व दणकट होतात. बंद सज्ज्यांतील रोपांवरून दिवसांतून दोनदां तळहात अलगद फिरवावा. मुलांना हें काम फार आवडतें. आधाराची काठी लावलीच तर दोरी सैल बांधावी, रोपाला डुलतां आलें पाहिजे.

टोमॅटोचें रोप लांबलें असेल तर तें खोडासकट खोल लावावें. मातींत गेलेल्या खोडालाहि मुळें फुटतात. वांग्या-मिरचीवर हा प्रयोग करूं नये. तुळशीच्या मंजिऱ्या कोंवळ्या असतांनाच खुडून पूजेस घ्याव्या, म्हणजे बगलेंतून फांटे फुटून ती भरदार होते.