मापात पाप नको : मण, टन, गुंठा आणि आर



गटवार सभांना गेले की तीन प्रश्न हमखास कानावर येतात. पहिला, "काटा बरोबर आहे हे आम्ही कशावरून धरायचं?" दुसरा, "सातबाऱ्यावर १.२० लिहिलंय, म्हणजे एक एकर वीस गुंठेच ना?" आणि तिसरा, "एफआरपी एवढी वाढली असं पेपरात छापून येतं, मग आमच्या हातात तेवढे का पडत नाहीत?"

वरवर पाहता हे तीन वेगळे प्रश्न आहेत. पण मुळाशी गेले तर तिन्ही एकाच गोष्टीचे आहेत, आणि ती गोष्ट म्हणजे माप. कुठले माप, ते कुणी ठरवले, आणि दोन्ही बाजू तेच माप धरून बोलतात का? आपला ऊस टनात जातो, जमीन गुंठ्यात बोलली जाते, कागदावर ती आरमध्ये असते आणि दर क्विंटलवर जाहीर होतो. यातला एकेक आकडा नीट समजला नाही तर नुकसान आपलेच. म्हणून या अंकात थोडे मापाविषयी.

घेताना शीग, देताना सपाट

आपल्या आजोबांच्या काळात मण म्हटले की आधी विचारावे लागे, "कुठला मण?" जुना मुंबई मण २८ पौंडांचा, म्हणजे आजच्या १३ किलोंनाही कमी. रेल्वेचा आणि सरकारी मण ८२ पौंडांहून थोडा जास्त, म्हणजे ३७.३२ किलोंचा. मद्रासचा मण त्याहून निराळा. धान्य मापायचे तर कुठे बारा पायल्यांचा मण, कुठे सोळा पायल्यांचा. ज्याच्या हाती माप त्याच्या हाती फायदा. सावकार घेताना शीग लावून घेई आणि देताना हात फिरवून सपाट माप देई. "मापात पाप" ही म्हण काही उगीच पडलेली नाही.

हे दुखणे फक्त आपलेच होते असे नाही. फ्रान्समध्ये १७८९ च्या क्रांतीपूर्वी गावोगावच्या लोकांनी राजाकडे तक्रारींच्या वह्या पाठवल्या. त्यात ठिकठिकाणी एक मागणी होती, साऱ्या देशात एकच वजन आणि एकच माप असावे. कारण तिथेही सरदार आपला धान्याचा हिस्सा स्वतःच्या मापाने मोजून घेत, आणि शीग लावायची की सपाट यावरून भांडणे होत. क्रांतीनंतर तिथल्या शास्त्रज्ञांनी ठरवले की माप कुणा राजाच्या हातावर किंवा पायावर नको, पृथ्वीवरच बेतावे. उत्तर ध्रुवापासून विषुववृत्तापर्यंतच्या अंतराचा एक कोटीवा भाग म्हणजे एक मीटर. त्यासाठी दलांब्र आणि मेशँ या दोघांनी १७९२ ते १७९८ या काळात डंकर्कपासून बार्सिलोनापर्यंत मोजणी केली. मीटरवरून लिटर आणि लिटरभर पाण्यावरून किलोग्रॅम अशी ही साखळी आहे.

पण लोकांची सवय लवकर सुटत नाही. १८१२ साली नेपोलियनला जुन्या नावांची मापे पुन्हा चालू द्यावी लागली. शेवटी १ जानेवारी १८४० पासून तिथे मीटर पद्धत सक्तीची झाली. म्हणजे ज्यांनी ही पद्धत काढली त्यांनाच ती अंगवळणी पाडायला चाळीस वर्षे लागली. आपल्याकडे अजून गुंठा बोलला जातो यात नवल ते काय!

आपल्याकडे दशमान कसे आले

स्वातंत्र्यानंतर आपल्याकडेही यावर बराच खल झाला. विरोध करणाऱ्यांचे म्हणणे अगदीच चुकीचे नव्हते. सोळा आणे, चाळीस शेर, ऐंशी तोळे हे आकडे निम्मे-पाव करायला सोपे. अडाणी माणूससुद्धा अधेली, पावली, चवली असा हिशेब तोंडी करी. दहाचे निम्मे पाच, पण पाचाचे निम्मे करायला गेले की अडचण. त्यावर दुसऱ्या बाजूचे उत्तर असे, की निम्मे-पाव गावच्या बाजारात ठीक आहे, पण एका जिल्ह्याचा मण दुसऱ्या जिल्ह्यात चालत नसेल तर देशाचा व्यापार कसा चालणार?

अखेर १९५६ साली वजनमापांचा कायदा झाला. १ एप्रिल १९५७ ला रुपयाचे शंभर नवे पैसे झाले. १ ऑक्टोबर १९५८ पासून किलो-क्विंटल टप्प्याटप्प्याने आले, आणि १ एप्रिल १९६२ पासून जुनी पद्धत व्यापारातून बंद झाली. जुना शेर ९३३ ग्रॅमचा, म्हणजे किलोपेक्षा ६७ ग्रॅमनी हलका. किलोच्या भावाने शेर पदरात पडला तर किलोमागे पाच-सहा तोळ्यांचा खड्डा. त्या वर्षांत बाजारात झालेली अर्धी भांडणे याच पाच-सहा तोळ्यांची असणार!

टनाचेही तसेच. इंग्रजी टन २,२४० पौंडांचा, म्हणजे १,०१६ किलोंचा. आपला आजचा टन बरोबर १,००० किलोंचा. प्रवरानगरला १९५०-५१ साली पहिला हंगाम झाला तेव्हा देशात दशमान पद्धत यायची होती. जुन्या नोंदीतला टन आणि आजचा टन यांची तुलना करताना हा १६ किलोंचा फरक ध्यानात ठेवावा. शंभर टनांमागे तो १ टन ६ क्विंटल होतो.

आजच्या किलोचे मूळ कुठे आहे? पॅरिसजवळ सेव्र येथे १८८९ पासून प्लॅटिनम-इरिडियम धातूचा एक ठोकळा जपून ठेवला होता. त्याचीच क्रमांक ५७ ची प्रत दिल्लीच्या राष्ट्रीय भौतिक प्रयोगशाळेत आहे. पण शंभर वर्षांत मूळ ठोकळा आणि त्याच्या प्रती यांच्यात काही मायक्रोग्रॅमचा फरक पडल्याचे दिसले. म्हणून २० मे २०१९ पासून किलोची व्याख्या ठोकळ्यावर न ठेवता निसर्गातल्या एका न बदलणाऱ्या स्थिरांकावर ठेवली आहे. आपल्या काट्यावर याने तसूभरही फरक पडत नाही. पण जगाने एवढी काळजी का घेतली, याचा विचार करावा.

१.२० म्हणजे एक एकर वीस गुंठे नव्हे

आता जमिनीकडे येऊ. एडमंड गंटर नावाच्या इंग्रजाने १६२० च्या सुमारास ६६ फुटांची मोजणीसाखळी काढली. आपल्याकडची शंकूसाखळी तिच्या निम्मी, ३३ फुटांची, आणि तिचे सोळा आणे. ३३ फूट लांब आणि ३३ फूट रुंद म्हणजे एक गुंठा, १,०८९ चौरस फूट. असे चाळीस गुंठे म्हणजे एक एकर.

सातबारा मात्र हेक्टर आणि आरमध्ये असतो. दहा मीटर लांब, दहा मीटर रुंद म्हणजे एक आर, आणि शंभर आर म्हणजे एक हेक्टर. आर म्हणजे सुमारे १,०७६ चौरस फूट. म्हणजे गुंठा आणि आर जवळजवळ सारखे, पण एक नव्हेत. गुंठा थोडा मोठा, १.०१ आर. एका एकराचे ४०.४७ आर होतात.

खरी फसगत होते ती टिंबाच्या जागी. सातबाऱ्यावर १.२० असेल तर तो एक हेक्टर वीस आर, म्हणजे १२० आर. याचे गुंठे होतात सुमारे ११८ आणि अर्धा, म्हणजे दोन एकर साडेअडतीस गुंठे. आणि "एक एकर वीस गुंठे" म्हणजे साठ गुंठे, जे सातबाऱ्यावर ०.६१ च्या आसपास दिसतील. म्हणजे एकच आकडा चुकीच्या मापाने वाचला तर क्षेत्र निम्म्यावर येते! ऊस नोंद देताना, पीककर्ज घेताना, भावाभावांत वाटणी करताना हे टिंब नीट वाचा. नोंद कमी क्षेत्राची झाली की तोडीचे नियोजन चुकते, आणि मग फडात ऊस उभा आणि टोळी दुसरीकडे, असे होते.

उत्पन्नाची तुलना करतानाही तेच. कुणी म्हणाले, "आमच्याकडे हेक्टरी शंभर टन निघाले," तर ते एकरी ४० टन झाले. एकरी शंभर म्हणाले तर हेक्टरी २४७. आधी विचारावे, कशावर?

काटा

आजच्या काट्यात जुन्यासारखे तरफा आणि वजने नाहीत. गाडी ज्या पाट्यावर उभी राहते त्याच्याखाली पोलादी लोडसेल असतात. भार पडला की पोलाद डोळ्याला न दिसण्याइतके दबते, त्यावर चिकटवलेल्या बारीक तारेचा विद्युतरोध बदलतो, आणि त्याचा आकडा होऊन पडद्यावर येतो. यंत्र चांगलेच आहे. पण पाट्याखाली चिखल, पाचट साठले, एखादा लोडसेल बिघडला किंवा शून्य नीट धरले नाही, तर आकडा हलतो. म्हणून कायद्याने काट्याची ठराविक मुदतीने प्रमाणित वजने ठेवून पडताळणी आणि मुद्रांकन करावे लागते. ते काम वैधमापन विभागाचे. आज यासाठी २००९ चा वैधमापन कायदा लागू आहे.

एक साधा हिशेब करू. रोज पाच हजार टन गाळप असेल आणि काट्यात फक्त अर्धा टक्का फरक असेल, तर रोजचा २५ टनांचा फरक होतो. २०२५-२६ हंगामाची मूळ एफआरपी क्विंटलला ३५५ रुपये, म्हणजे टनाला ३,५५० रुपये होती. त्या दराने रोजचे ८८,७५० रुपये झाले. सभासदाच्या एका खेपेवर हा फरक थोडा वाटतो, पण सगळ्यांचा मिळून तो डोंगर होतो. म्हणून काट्याबद्दल विचारणे म्हणजे कारखान्याबद्दल अविश्वास दाखवणे नव्हे. तो सभासदाचा हक्क आहे, आणि चांगल्या कारखान्याला त्या प्रश्नाचे वावडे नसते.

मापाचा घोळ मोठमोठ्यांनाही भोवतो. १९८३ च्या जुलैत कॅनडात एका प्रवासी विमानात २२,३०० किलो इंधन हवे होते. तो देश तेव्हा नुकताच किलोकडे वळत होता. हिशेब करणाऱ्यांनी लिटरला किलोचा आकडा धरायच्या जागी पौंडाचा आकडा धरला, आणि विमानात निम्म्याहूनही कमी इंधन भरले गेले. वाटेत आकाशातच दोन्ही इंजिने बंद पडली. वैमानिकाने ते घारीसारखे तरंगत एका जुन्या धावपट्टीवर उतरवले म्हणून सगळे वाचले. माणसे शिकलेली होती, यंत्र नवे होते. चुकले ते फक्त माप.

उतारा आणि एफआरपीचा पाया

शेवटचा प्रश्न सगळ्यांत महत्त्वाचा. उतारा म्हणजे शंभर किलो उसामागे किती किलो साखर. १०.२५ टक्के म्हणजे टनाला १०२.५ किलो. उताऱ्यात ०.१ टक्का फरक म्हणजे टनामागे एक किलो साखर.

एफआरपी जाहीर होते ती एका पायाभूत उताऱ्यावर. त्याच्यावरच्या प्रत्येक ०.१ टक्क्याला वाढीव रक्कम मिळते. गोम आहे ती अशी, की हा पायाच वेळोवेळी वर गेला. २०१७-१८ ला तो ९.५ टक्के होता, २०१८-१९ ला १० झाला आणि २०२२-२३ ला १०.२५.

आता ११ टक्के उताऱ्याच्या कारखान्याचा हिशेब मांडू. २०१७-१८ ला दर २५५ रुपये आणि वरच्या दर ०.१ टक्क्याला २ रुपये ६८ पैसे. पंधरा टप्प्यांचे मिळून होतात २९५ रुपये २० पैसे. २०१८-१९ ला दर २७५ रुपये, वर दर टप्प्याला २ रुपये ७५ पैसे. पण आता टप्पे दहाच राहिले, म्हणून झाले ३०२ रुपये ५० पैसे. पेपरात वाढ दिसली क्विंटलला २० रुपये, खरी पडली ७ रुपये ३० पैसे. २०२२-२३ ला तेच झाले. २९० चे ३०५ झाले, वाढ दिसली १५ रुपयांची, पण ११ टक्के उताऱ्याला ती ९ रुपयांच्या आतच राहिली. गज लांब केला की कापड तेवढेच असून आकडा बदलतो, तसला हा प्रकार. शिवाय या रकमेतून तोडणी-वाहतूक वजा होते ते वेगळेच.

तेव्हा नवा दर ऐकला की आधी विचारा, "किती उताऱ्यावर?" आणि मागच्या वर्षीशी तुलना करायची तर दोन्ही वर्षे एकाच उताऱ्यावर आणून करा.

सभासदांना विनंती

ऊस नोंद देताना क्षेत्र हेक्टर-आरमध्ये सातबाऱ्यावरून पाहून सांगावे, तोंडी अंदाजाने नव्हे. काट्याच्या पावतीवर भरलेल्या गाडीचे वजन, रिकाम्या गाडीचे वजन आणि निव्वळ वजन हे तिन्ही आकडे पाहावेत आणि बिल येईपर्यंत पावती जपावी. पाटा स्वच्छ आहे का, गाडी चढण्यापूर्वी आकडा शून्यावर आला का, हे गाडीवानाला पाहायला सांगावे. शंका आली तर गप्प बसून पारावर कुजबुजण्यापेक्षा तिथल्या तिथे फेरवजन मागावे. बिल ऊस दिल्यापासून चौदा दिवसांत मिळाले पाहिजे, आणि उशीर झाला तर वर्षाला पंधरा टक्के व्याजाची तरतूद ऊस नियंत्रण आदेशात आहे, हेही माहीत असावे.

जुन्या काळी माप सावकाराच्या हाती होते. सहकारात ते आपल्या सगळ्यांच्या हाती आहे. पण हाती असलेले माप वाचता आले तरच ते आपले.