अ‍ॅप अडलं, दोष कुणाचा?

स्क्रीनवर ‘काहीतरी चुकलं’ एवढंच झळकतं आणि अ‍ॅप बनवणारे नि सर्व्हर सांभाळणारे एकमेकांकडे बोट दाखवू लागतात. अशा वेळी आधी सर्व्हरच्या उत्तरासोबत आलेला तीन आकडी कोड पाहावा. 4ने सुरू होत असेल तर खोट बहुधा अ‍ॅपने सर्व्हरकडे पाठवलेल्या मागणीत: 401 म्हणजे ओळख पटली नाही, 404 म्हणजे त्या पत्त्यावर काही सापडलं नाही. 5ने सुरू झाला तर घोळ सर्व्हरकडे. काही सर्व्हर मात्र 200, म्हणजे ‘सगळं ठीक’, असं सांगून आतल्या मजकुरात चूक झाल्याचा निरोप ठेवतात. हा निव्वळ छळ आहे! मग तीच मागणी ‘कर्ल’ या साधनाने कमांड लाइनवरून थेट पाठवावी. तिथे उत्तर नीट आलं, तर दोन्ही मागण्यांचे हेडर शेजारी ठेवून ताडायचे. अनेकदा अ‍ॅपने ओळख पटवणारं टोकनच पाठवलेलं नसतं, किंवा मुदत संपलेलं पाठवलेलं असतं.