आमांशाचा परजीवी दोघांना, यकृतातले गळू मात्र पुरुषाला

पावसाळ्यात ठाणे, कल्याण, डोंबिवलीत नळाला गढूळ पाणी आले की घरोघरी पोटाच्या तक्रारी सुरू होतात. कल्याण-डोंबिवलीचे पाणी मुख्यतः उल्हास नदीचे. ते शुद्ध होऊन निघते. पण वाटेत गटाराशेजारची गळकी जलवाहिनी असते, सोसायटीची न धुतलेली टाकी असते. अशा दूषित पाण्यातून पोटात जाणारा एक परजीवी म्हणजे एन्टामिबा हिस्टोलिटिका, अर्थात आमांशाचा अमीबा.

घरात पाणी सगळे एकच पितात. त्यामुळे अमीबा आतड्यात शिरतो तो बाईच्याही आणि पुरुषाच्याही, जवळपास सारख्याच प्रमाणात. बहुतेकांना तर त्याचा पत्ताही लागत नाही. काहींमध्ये मात्र तो आतड्याची भिंत भेदतो आणि रक्तातून यकृतात पोहोचून तिथे गळू तयार करतो. गंमत इथेच आहे. या गळूचे रुग्ण प्रामुख्याने प्रौढ पुरुष असतात, स्त्रियांच्या तुलनेत सात ते दहा पट. लहान मुला-मुलींत मात्र असा फरक दिसत नाही.

याचा दोष बराच काळ दारूला दिला गेला. दारूमुळे यकृत कमजोर होते, हे खरेच. पण एवढ्याने कोडे सुटत नाही. फरक वयात आल्यावरच दिसू लागतो, म्हणून संशोधकांची नजर टेस्टोस्टेरॉन या पुरुषी संप्रेरकाकडे वळली.

जर्मनीतील हॅम्बुर्गच्या बर्नहार्ड नोख्ट संस्थेत हानेलोरे लॉटर आणि सहकाऱ्यांनी उंदरांवर प्रयोग केले. अमीबा थेट यकृतात सोडल्यावर नरांमधले गळू मोठे झाले. माद्यांना टेस्टोस्टेरॉन दिल्यावर त्यांचाही धोका वाढला. २०१३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या या अभ्यासात कारणाचा एक धागाही सापडला. यकृतातल्या काही संरक्षक पेशी अमीबाविरुद्ध इंटरफेरॉन गॅमा हे रसायन सोडतात. टेस्टोस्टेरॉन त्याला लगाम घालते. पुढे आणखी एक गोष्ट लक्षात आली. हेच संप्रेरक दुसऱ्या प्रकारच्या पांढऱ्या पेशींना यकृतात मोठ्या संख्येने बोलावते आणि त्यांच्या भडिमारात यकृताचाच भाग नष्ट होतो. म्हणजे पुरुषाची प्रतिकारशक्ती सरसकट ‘कमी’ नसते. तिचा एक हात ढिला पडतो, तर दुसरा अति चालतो. उंदरांतले हे निष्कर्ष माणसाला जसेच्या तसे लावता येत नाहीत, पण दिशा जुळते. म्हणून कोणी टेस्टोस्टेरॉन कमी करण्याच्या मागे लागू नये. उपयोग आहे तो सावध होण्यासाठी.

कारण हा आजार फसवा असतो. ताप, थंडी, बरगड्यांखाली उजवीकडे दुखणे, कधी उजव्या खांद्यात कळ. जुलाब त्या वेळी असतीलच असे नाही, शौचाची तपासणीही अनेकदा निर्दोष येते. लोकलच्या गर्दीत धक्का लागला असेल, अ‍ॅसिडिटी असेल, असे म्हणत पुरुष तापाच्या गोळीवर कामाला जात राहतात. तोवर गळू वाढते. ते पोटात किंवा छातीच्या पोकळीत फुटले तर जीवावर बेतते.

वेळेत गेल्यास सोनोग्राफीत गळू दिसते, रक्ततपासणीने निदानाला बळकटी येते. मेट्रोनिडाझोलसारख्या औषधाने बहुतेक रुग्ण बरे होतात. गळू मोठे असेल तर सुईने किंवा नळीने पू काढावा लागतो. ताप उतरला की औषध सोडू नये. आतड्यात लपलेले अमीबा मारण्यासाठी दुसरे औषध लागते, ते डॉक्टर सांगतील तितके दिवस घ्यावे. स्त्रियांनाही हे गळू होऊ शकते, तेव्हा त्यांनीही ही लक्षणे अंगावर काढू नयेत.

आणि पाणी उकळूनच प्या. पिण्याच्या पाण्यात असते तेवढ्या क्लोरिनला अमीबाची कवचधारी अवस्था सहसा दाद देत नाही. खळखळून उकळलेल्या पाण्यात मात्र ती टिकत नाही.