एका बिळातील दोन बिऱ्हाडे

आंधळ्या-पांगळ्याची गोष्ट आपण लहानपणी ऐकली आहे. आंधळ्याने पांगळ्याला खांद्यावर घ्यावे आणि पांगळ्याने वाट दाखवावी, असा त्यांचा करार. उष्ण समुद्रांच्या तळाशी असाच एक करार पाळला जातो. तो करणारी एक पिस्तुल कोळंबी आणि दुसरा गोबी नावाचा बोटाएवढा मासा. आपल्या खाडीच्या चिखलात उड्या मारणारी निवटी या गोबीच्याच गोतावळ्यातील.

कोळंबी खणण्यात तरबेज, पण दृष्टीने अधू. दिवसभर ती वाळू उपसते आणि शिंपल्यांचे, पोवळ्यांचे तुकडे लावून बिळाला बळकटी आणते. गोबीची नजर तीक्ष्ण. परंतु असे बीळ खणणे त्याला साधत नाही. म्हणून तो दाराशी पहारा करतो. बाहेर येताना कोळंबी आपली लांब मिशी त्याच्या अंगावर टेकवून ठेवते. धोका दिसताच मासा शेपटी थरथरवतो आणि ती तत्काळ आत परतते. संकट अगदी जवळ आले, तर पहारेकरीही बिळात सूर मारतो. तांबड्या समुद्रातील या सहवासाचे वर्णन लूथर या जर्मन शास्त्रज्ञाने १९५८ साली प्रसिद्ध केले.

आता ‘पिस्तुल’ हे नाव कशामुळे? या कोळंबीची एक नांगी दुसरीपेक्षा बरीच मोठी असते. ती इतक्या वेगाने मिटते, की पाण्याची धार सुटून तिच्यात एक बुडबुडा निर्माण होतो. तो फुटताना ‘टक्’ असा आवाज होतो. हा आवाज नांगी आपटल्याचा नसून बुडबुड्याचा आहे, हे २००० साली सिद्ध झाले.

ही जोडी घरी पाळता येते. आमच्या बेळगावास समुद्र नाही. पण बाजारात मिळणाऱ्या समुद्री क्षारांच्या मिश्रणापासून पाणी तयार करता येते. स्वयंपाकाचे मीठ मात्र चालत नाही. एका लिटरला सुमारे ३५ ग्रॅम क्षार आणि २४ ते २६ अंश सेल्सिअस तपमान ठेवावे. पाण्याची वाफ होते, क्षार मागेच राहतात. म्हणून रोजची तूट शुद्ध गोड्या पाण्याने भरावी, खाऱ्या नव्हे. माशांच्या विष्ठेतून अमोनिया हे विष तयार होते. त्याचे प्रथम नायट्राइट व नंतर सौम्य नायट्रेट करणारे जीवाणू पेटीत वाढण्यास काही आठवडे लागतात. तोवर जीव आणू नयेत. तळाशी तीन-चार इंच वाळू घालून तीत शिंपल्यांचे तुकडे मिसळावेत. गोबी उडी मारतो, म्हणून वर झाकण हवे. तांब्याचे औषध पाण्यात कधीही घालू नये. माशाला बरे करणारे ते औषध कोळंबीचा प्राण घेते. शिवाय प्रत्येक गोबी किंवा प्रत्येक पिस्तुल कोळंबी भागीदारी करीत नाही; एकत्र राहणाऱ्या जातीच निवडाव्यात.

एक गोष्ट मी चुकीतून शिकलो. वर्गातील मुलांसाठी मी अशी पेटी मांडली होती. प्रथम वाळू पसरली आणि तिच्यावर एक सुबक खडक ठेवला. दुसऱ्या आठवड्यात कोळंबीने नेमके त्याच्याखाली खोदकाम केले. रात्रीत खडक खचला आणि गोबी चिरडला गेला. पुढे कित्येक दिवस कोळंबी बिळातून क्वचितच बाहेर आली. ‘सर, आता तिला कोण सांगणार?’ असे एका मुलाने विचारले, तेव्हा मला उत्तर देता आले नाही. खडक आधी पेटीच्या तळावर घट्ट बसवावा आणि मगच भोवती वाळू घालावी, एवढे मला ठाऊक असते, तर तो जीव वाचला असता.

म्हणून आपणांस विनंती अशी की, पेटी आधी सिद्ध करावी आणि पाहुणे मागाहून आणावेत. समुद्रातून उचललेल्या या दोन जीवांनी एकमेकांवर टाकलेला विश्वास आपल्या घाईमुळे वाया जाऊ नये. तेवढी तयारी झाली, की पेटीसमोर शांत बसावे. शेपटीची ती बारीक थरथर दिसली, की केलेल्या श्रमांचे सार्थक होते.