आधी लादी की आधी ओटा?

वसई-विरारमधील पुष्कळशा इमारतींना आता पंचवीस-तीस वर्षे झाली. दुकान जवळ पडावे किंवा एकत्र कुटुंबाला जागा पुरावी म्हणून मुंबई सोडून येथे आलेल्या आपल्या समाजातील अनेक घरांतली स्वयंपाकघरे तेव्हाचीच आहेत. कडप्प्याचे काळे खण, ठिकठिकाणी पोकळ वाजणाऱ्या फरशा, ओट्याखाली कायमचा अंधार. असे स्वयंपाकघर नवे करायचे ठरले की रंग, ट्रॉल्या, चिमणी यांवर घरात आठवडाभर चर्चा होते; परंतु लादी आधी बसवावी की कपाटे आधी, हा प्रश्न कामगार दारात उभे राहिल्यावरच निघतो. ट्रॉल्यांचा कारागीर म्हणतो, माल तयार आहे, लादी मागाहून होईल. लादीचा मिस्त्री म्हणतो, मला मोकळी खोली द्या. घरमालक बहुधा ज्याची तारीख आधी मिळते त्याला होकार देतो.

आमच्या घरीही तसेच झाले. आषाढ लागला होता, चातुर्मासापूर्वी स्वयंपाकघर हाती यावे अशी घाई होती, म्हणून कपाटे आधी बसली. दिवाळीनंतर मिस्त्रीने जुन्या फरशीवरच नवी लादी चिकटवली, ती कपाटांच्या पायापर्यंत आणून थांबवली. वरून पाहता काम देखणे झाले. कपाटांखालची जुनी जमीन मात्र नव्या लादीहून सुमारे दीड सेंटिमीटर खाली राहिली, म्हणजे ओट्याच्या पोटात एक उथळ हौदच तयार झाला. सिंकच्या सांध्यातून टिपटिप गळणारे पाणी बाहेर येईना, म्हणून गळती कोणाच्या ध्यानातही आली नाही. चैत्रात आधी मुंग्यांची रांग दिसली, मग झुरळे, आणि पट्टी काढली तेव्हा प्लायवूडच्या कडेला पांढरी बुरशी. सासूबाईंची पूंजणी तिथवर पोहोचत नव्हती. फवारणीवाला आला, त्याला त्यांनी उंबऱ्यावरूनच परत पाठवले. शेवटी अर्धे स्वयंपाकघर उतरवावे लागले.

इतर घरांत हा प्रश्न खर्चाचा असतो. आपल्या घरांत तो जयणेचाही आहे. ओल राहिली की बुरशी येते, आणि बुरशी म्हणजे अनंतकाय. अन्नाचा कण अडकला की त्रस जीव येतात. ते एकदा वस्तीला आले की आपल्यासमोर दोनच वाटा उरतात, त्यांना मारणे किंवा त्यांच्यासह राहणे, आणि दोन्ही आपल्याला नकोशा. त्यांना येण्याचे कारणच मिळू नये एवढी व्यवस्था मात्र बांधकामाच्या वेळी करता येते. शिवाय तोडफोड हा मुळातच आरंभ-समारंभ. सिमेंट कालवणे, लादीवर पाणी मारणे यांत अपकायाची विराधना आहेच. ती एकदा होणे अपरिहार्य असेल, पण क्रम चुकल्यामुळे दुसऱ्यांदा का व्हावी?

म्हणून भिंतीपासून भिंतीपर्यंत आधी लादी, मग कपाटे. त्यापूर्वी नळाच्या आणि सांडपाण्याच्या वाहिन्या बदलून घ्याव्यात, जलरोधक थर द्यावा. स्वयंपाकघरात न्हाणी असेल तर ढाल तिच्याकडे हवा. बादलीभर पाणी ओतून तो मिस्त्रीसमोरच तपासावा.

दिसणार नाही तिथे लादी कशाला, असा हिशेबी प्रश्न व्यापारी घरात येणारच. आठ बाय दहा फुटांची खोली म्हणजे ऐंशी चौरस फूट. दहा फूट लांब आणि दोन फूट रुंद ओट्याखाली वीस चौरस फूट जातात. लादी, माल आणि मजुरी मिळून चौरस फुटाला दीडशे रुपये धरले तरी बचत तीन हजारांची. आमचा एक कोपरा उतरवायला याहून कितीतरी अधिक लागले.

उंचीचेही गणित आहे. जुन्या फरशीवर नवी लादी चिकटवली तर जमीन साधारण बारा ते पंधरा मिलिमीटर वर येते. ओटा आधीच ठरलेल्या उंचीवर बसलेला असेल तर तो तेवढाच बुटका होतो, आणि खाली ठेवलेले धुलाई यंत्र दुरुस्तीसाठी बाहेर ओढताना लादीच्या कडेला अडते. दिवाणखाना जुनाच ठेवला तर दारात पायरी पडते. वृद्धांना ती अडखळवते, आणि गोचरीला आलेल्या साधू-साध्वींनाही. वाटेत कच्च्या पाण्याचा ओलावा असला तर महाराजसाहेब पुढे पाऊल टाकत नाहीत, हे आपण जाणतोच. तेव्हा सपाट, चटकन कोरडी होणारी जमीन ही त्यांच्यासाठीही सोय आहे.

गोचरीवरून आपल्या सोपाऱ्याची आठवण होते. बारा वर्षांच्या दुष्काळात येथील जिनदत्त श्रेष्ठींच्या घरी लक्ष मुद्रा मोजून मिळालेले धान्य शिजत होते, आणि त्यांची पत्नी ईश्वरी त्यात विष कालवून सर्वांचा शेवट करण्याच्या बेतात होती. त्याच वेळी आचार्य वज्रसेनसूरी गोचरीला आले आणि उद्या सुकाळ होईल असे म्हणाले. दुसऱ्या दिवशी धान्याची गलबते बंदरात लागली. नागेंद्र, चंद्र, निवृत्ती आणि विद्याधर या चार पुत्रांनी पुढे दीक्षा घेतली व त्यांच्या नावांची चार कुळे झाली, असे परंपरा सांगते. हे सारे घडले ते एका स्वयंपाकघरात.

तळमजल्यावर राहणाऱ्यांना आणखी एक सांगणे. जुलै २०१८ मध्ये नालासोपाऱ्याला रुळांवर पाणी साचून लोकल बंद पडल्या होत्या, तो पाऊस येथे कोण विसरेल? अशा घरात कपाटे प्लास्टिकच्या उंच पायांवर ठेवावीत आणि खालची पट्टी खिळ्याने न ठोकता क्लिपवर बसवावी, म्हणजे पंधरा दिवसांनी ती काढून मऊ झाडूने हलकेच झाडून घेता येते.

कडप्प्याच्या उभ्या पाट्यांवरचा जुन्या पद्धतीचा ओटा करणार असाल तर क्रम थोडा बदलतो. पाट्या आधी उभ्या राहतात आणि लादी त्यांच्याभोवती येते. तेथेही प्रत्येक खणाच्या आत, मागच्या भिंतीपर्यंत लादी घालून घ्यावी. मिस्त्री टाळाटाळ करील, कारण आत बसून काम करावे लागते. मजुरी थोडी वाढवून द्यावी, पण खण उघडा सोडू नये.

लादी आधी बसवली तर सुतारकामात ती खराब होईल, ही भीती मात्र रास्त आहे. त्यासाठी प्लास्टिकचा कागद पसरून वर पीओपीचा पातळ थर देण्याची पद्धत आहे. काम संपले की तो उचलून टाकता येतो. सिमेंटच्या मालावर बसवलेल्या लादीवर आठवडाभर तरी जड कपाट ठेवू नये. आणि खोक्यावरचा बॅच क्रमांक पाहून त्याच बॅचची दोन खोकी माळ्यावर जपून ठेवावीत. पुढल्या वर्षी तीच छटा दुकानात मिळेलच असे नाही.