‘नॉर्मल’ रक्त म्हणजे कोणते?

आंबागडचा किल्ला, त्याच्या पाठीशी असलेल्या सातपुड्याच्या रांगा, तेथील जंगल आणि पावसाळ्यात तुडुंब भरणारे ओढेनाले यांच्याशी येथील माणसाच्या रक्ताचेही नाते आहे, असे म्हटल्यास काही वाचकांना नवल वाटेल. हे नाते सिकलसेलचे आहे.

पूर्व विदर्भात हा शब्द आता घरोघरी ठाऊक आहे. हिमोग्लोबिनच्या १४६ अमिनो आम्लांच्या एका साखळीत सहाव्या जागी ग्लुटामिक आम्लाऐवजी व्हॅलिन येते. बदल एवढाच. ज्यांना हा गुण आई व वडील या दोघांकडून मिळतो (एसएस), त्यांच्या लाल पेशी प्राणवायू कमी पडताच विळ्यासारख्या वाकतात. असह्य वेदना, रक्तक्षय व वारंवार होणारा जंतुसंसर्ग त्यांच्या वाट्याला येतो. ज्यांना तो एकाकडूनच मिळतो (एएस), ते वाहक असतात आणि सहसा निरोगी आयुष्य जगतात.

परंतु तपासणीचा कागद हाती पडल्यावर नातेवाईकांचा पहिला प्रश्न असतो, “साहेब, नॉर्मल आहे ना?” हा शब्द मराठीने आपलासा केला खरा; पण निरोगी, सर्वसाधारण आणि लग्नास योग्य अशा तिन्ही अर्थांचा भार त्याच्यावर एकदम टाकला. त्यामुळे ‘एएस’ ही दोन अक्षरे वाचून ठरलेली सोयरीक मोडते, आणि दोष बहुधा मुलीच्याच माथी येतो.

येथे एका संशोधनाची आठवण द्यावीशी वाटते. ॲन्थनी ॲलिसन यांनी पूर्व आफ्रिकेत केलेल्या अभ्यासावरून १९५४ साली असे दाखविले की, सिकल वाहकांना फॅल्सिपेरम हिवतापापासून मोठे संरक्षण मिळते. परजीवी शिरलेली पेशी वाकते आणि प्लीहा तिला लवकर नष्ट करते. म्हणून जेथे हिवताप पिढ्यान्‌पिढ्या मुलांचे बळी घेत होता, तेथे वाहक मूल जगण्याची शक्यता अधिक होती. आपला जंगलपट्टा त्याच प्रकारचा. ज्या रक्ताला आज आपण सदोष म्हणतो, त्यानेच कित्येक कुळे तगली असावीत. कोणते रक्त ‘नॉर्मल’, हे डास किती आहेत यावरही ठरत होते, असेच म्हणावे लागते.

याचा अर्थ आजार काल्पनिक आहे, असा मुळीच नाही. एसएस रुग्णाचे दुःख खरे आहे. हायड्रॉक्सीयुरियासारखे औषध, लसीकरण, भरपूर पाणी आणि वेळेवर उपचार यांनी त्याचे आयुष्य पुष्कळ सुसह्य होते. २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्यात सिकलसेलचा समावेश झाला, तर २०२३ साली राष्ट्रीय निर्मूलन अभियान सुरू झाले. मात्र निर्मूलन आजाराचे करावयाचे आहे, वाहक माणसांचे नव्हे.

विवाहापूर्वीचा हिशेब तसा सोपा आहे. एक जोडीदार वाहक व दुसरा ‘एए’ असल्यास त्यांच्या अपत्यास एसएस होत नाही. दोघेही वाहक असल्यास प्रत्येक गरोदरपणात ही शक्यता चारात एक असते. पहिले मूल बाधित झाले म्हणजे पुढची तीन सुटली, असा गैरसमज आढळतो, तो चुकीचा आहे. अशा जोडप्यांसाठी गर्भावस्थेतही तपासणी करता येते. निर्णय त्यांनी दोघांनी घ्यावयाचा.

समुपदेशनासाठी मुलीला एकटीला न पाठविता मुलाकडील मंडळींनीही सोबत यावे, अशी सर्व कुटुंबांना नम्र विनंती आहे.