शाळेच्या खात्यावरील दुसरी सही

कोऱ्या धनादेशावर सही करून तो दुसऱ्याच्या हाती देणारा व्यापारी बाजारपेठेत शोधूनही सापडणार नाही. रोजमेळ जुळल्याशिवाय पेढी बंद होत नाही आणि माल मोजल्याशिवाय पावतीवर सही होत नाही. परंतु त्याच पेठेतील नगरपालिकेच्या किंवा जवळच्या गावातील जिल्हा परिषदेच्या शाळेत हा दक्षपणा अनेकदा दिसत नाही. तेथे पैसे खर्च होतात, इतिवृत्त लिहिले जाते आणि पालकांचे प्रतिनिधी कागद न वाचताच सही करून निघून जातात. वस्तुतः कायद्याने त्या सहीला मोठे मोल दिले आहे.

मंडळाकडून समितीकडे

मुंबई प्राथमिक शिक्षण अधिनियम, १९४७ या कायद्याखाली शहरांतील प्राथमिक शाळांचा कारभार दीर्घकाळ शिक्षण मंडळांकडे होता. मंडळाचे सदस्य नगरसेवकांच्या मतांवर निवडून येत. सामान्य रहिवाशाचा संबंध फार तर एखाद्या अर्जापुरता असे. राज्य शासनाने २०१३ मध्ये कायद्यात दुरुस्ती करून ही मंडळे रद्द करण्याचा निर्णय घेतला. तत्पूर्वीच, १ एप्रिल २०१० पासून, बालकांच्या मोफत व सक्तीच्या शिक्षणाचा हक्क देणारा २००९ चा कायदा अमलात आला होता. त्याच्या कलम २१ ने प्रत्येक शासकीय, स्थानिक स्वराज्य संस्थेच्या व अनुदानित शाळेत ‘शाळा व्यवस्थापन समिती’ बंधनकारक केली.

या समितीत किमान तीन चतुर्थांश सदस्य पालक असावे लागतात आणि निम्म्या जागा महिलांच्या असतात. दुर्बल व वंचित घटकांतील पालकांना त्यांच्या प्रमाणात स्थान द्यावे लागते. अध्यक्ष पालकांमधूनच निवडला जातो. मुख्याध्यापक सदस्य सचिव असतात. उर्वरित जागांवर स्थानिक लोकप्रतिनिधी, शिक्षक आणि शिक्षणतज्ज्ञ यांना स्थान मिळते. दर दोन वर्षांनी समितीची फेररचना होते आणि महिन्यातून किमान एक बैठक अपेक्षित असते. अनुदानित खासगी शाळांत मात्र समितीची भूमिका सल्लागाराची आहे, हे ध्यानात ठेवले पाहिजे.

समितीपुढील कागद

समितीचे पहिले महत्त्वाचे काम म्हणजे शाळा विकास आराखडा. तो तीन वर्षांचा असतो व त्यात प्रत्येक वर्षाची उपयोजना असते. वर्गखोल्या किती लागतील, शिक्षक किती कमी आहेत, मुलींसाठी स्वतंत्र स्वच्छतागृह वापरण्याजोगे आहे काय, पिण्याचे पाणी व कुंपण आहे काय, या सर्वांची नोंद त्यात व्हावयाची असते. कायद्याच्या कलम २२ नुसार हाच आराखडा शासनाच्या पुढील अनुदानाचा आधार ठरतो. मागणी कागदावर आलीच नाही, तर ती मंजूर होण्याचा प्रश्नच उद्भवत नाही.

दुसरे काम पैशांवर देखरेख ठेवण्याचे. समग्र शिक्षा योजनेत १०१ ते २५० पटाच्या शाळेला वार्षिक संयुक्त अनुदान ५०,००० रुपयांपर्यंत मिळते. वीजबिल, पाणी, किरकोळ दुरुस्ती, शैक्षणिक साहित्य असे सारे त्यातूनच भागवायचे असते. त्यातील किमान दहा टक्के रक्कम स्वच्छतेसाठी राखावी लागते. एखाद्या मध्यम दुकानाच्या उलाढालीपुढे ही रक्कम क्षुल्लक वाटेल. पण रक्कम लहान असते तेव्हाच प्रत्येक रुपयाचा हिशेब अधिक काटेकोर हवा. समितीला मिळालेला पैसा स्वतंत्र खात्यात ठेवून त्याची दरवर्षी तपासणी व्हावी, अशी अपेक्षा आहे. हिशेबपत्रकावर सदस्य सचिवांबरोबरच अध्यक्षांचीही सही लागते. पालकाची ही दुसरी सही पावत्या पाहून झाली, तरच तिला अर्थ राहतो.

तिसरे काम मध्यान्ह भोजनाचे. पहिली ते पाचवीच्या मुलासाठी दररोज १०० ग्रॅम, तर सहावी ते आठवीच्या मुलासाठी १५० ग्रॅम धान्याचे प्रमाण ठरलेले आहे. त्या दिवशीची हजेरी आणि कोठीतून निघालेले धान्य यांचा मेळ घालणे हे काही शिक्षणशास्त्र नव्हे. भुसार दुकानातील कोणीही ते पाच मिनिटांत करून दाखवील.

सुट्टी कोणी द्यावी?

येथेच व्यापारी कुटुंबांचा या विषयाशी असलेला खरा संबंध स्पष्ट होतो. त्यांची स्वतःची मुले बहुधा खासगी शाळांत शिकतात. परंतु दुकानातील मदतनीस, गोदामातील हमाल, वाहनचालक, घरकामास येणाऱ्या बाई यांची मुले याच सार्वजनिक शाळांत जातात. समितीवर बसण्याचा हक्क कायद्याने त्या पालकांना दिला आहे. बैठक मात्र दुपारी, कामाच्या वेळेत असते. अर्ध्या दिवसाची मजुरी बुडवून बैठकीस जाणे त्यांना परवडत नाही. परिणामी सदस्य कागदावर राहतो आणि सहीसाठी रजिस्टर घरी येते.

शाळेला बाके, पंखे किंवा पाण्याची टाकी देणारे दाते पेठेत पुष्कळ आहेत आणि त्यांचे औदार्य निःसंशय मोलाचे आहे. पण महिन्यातून दोन तासांची पगारी सवलत देणारा मालक त्या शाळेला याहून टिकाऊ देणगी देत असतो. त्याबरोबर जमाखर्चाचे पान कसे वाचावे, पावतीवर तारीख, क्रमांक व दर का पाहावा, एवढे त्या पालकास समजावून दिले, तर समितीला एक जाणता सदस्य मिळेल.

ज्यांचे मूल त्या शाळेत नाही, त्यांनाही मार्ग मोकळा आहे. समितीचे निर्णय व इतिवृत्त नागरिकांना उपलब्ध असावेत, अशी नियमांची अपेक्षा आहे. ग्रामसभेत शाळेचा विषय मांडता येतो. माहिती नाकारली गेल्यास २००५ च्या माहिती अधिकार कायद्याखाली अर्ज करता येतो; त्याचे शुल्क दहा रुपये असून उत्तराची सर्वसाधारण मुदत तीस दिवसांची आहे. देणगी देताना ती समितीच्या ठरावाने स्वीकारली जावी आणि तिची रीतसर पावती मिळावी, असा आग्रह दात्याने धरला, तर तीही एक प्रकारची देखरेखच होय.

खासगी शाळांतही हक्क

स्वतःच्या मुलांच्या शाळेबाबतही पालक हतबल नाहीत. महाराष्ट्राच्या २०११ च्या शुल्क विनियमन अधिनियमानुसार खासगी शाळांत पालक-शिक्षक संघ आणि त्याची कार्यकारी समिती असावी लागते. समितीवर येण्यास इच्छुक असलेल्या पालकांमधून सोडतीने निवड होते. शुल्कवाढीचा प्रस्ताव पुढील वर्ष सुरू होण्याच्या किमान सहा महिने आधी, आवश्यक कागदपत्रांसह, व्यवस्थापनाने या समितीपुढे ठेवायचा असतो. तथापि सोडतीसाठी नावच दिले नाही, तर जूनमध्ये वाढलेल्या शुल्काविषयी हळहळण्यापलीकडे फारसे काही उरत नाही.

शाळेचा हिशेब अखेर मुलांच्या भवितव्याचा हिशेब आहे. जी नजर रोज चोपडीतील एका रुपयाची तफावत हेरते, ती महिन्यातून एकदा शाळेच्या कागदांकडे वळली, अथवा आपल्या कामगाराला तिकडे वळण्यासाठी दोन तास मिळाले, तर ती दुसरी सही केवळ शाईचा डाग राहणार नाही.